वस्तीवरचा डेमो

कंपनीने पाठवलेला नवा लॅपटॉप आमच्या वस्तीपर्यंत सरळ आलाच नाही. कुरिअरवाल्याने कर्जतहून फोन केला, "मॅडम, पत्ता नीट सांगा." मी सांगितलं, गावाच्या अलीकडे पूल लागतो, तिथून कालव्याच्या चारीच्या कडेने कच्च्या रस्त्याने या, कांद्याची चाळ दिसली की उजवीकडे वळा. तो म्हणाला, "म्हणजे डांबरी नाहीच का?" मग त्याने ते खोकं स्टँडजवळच्या बी-बियाण्याच्या दुकानात ठेवलं आणि मोकळा झाला. माझा नवरा कर्जतच्या कॉलेजात शिकवतो. संध्याकाळी येताना त्याने मोटरसायकलवर पुढे लॅपटॉप आणि मागे पेंडीचं पोतं असं दोन्ही आणलं. पोतं आधी उतरवलं.

"ह्यो कशाला आनि?" सासूबाईंनी विचारलं. "आधीचा काय वाईट हुता?"

मी त्यांना आई म्हणते. आधीचा वाईट नव्हता, म्हातारा झाला होता, असं मी सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. त्या घरात कुठलीच वस्तू म्हातारी झाली म्हणून बदलत नाहीत. पाण्याची मोटर जळाली तरी तिची तार तीन-तीन वेळा भरून आणतात.

मी मूळची संगमनेरची. वडील शाळेत मास्तर, घर बाजारपेठेजवळ, शेत म्हणजे एसटीच्या खिडकीतून दिसतं ते. पुढे पुण्यात नोकरी लागली, सॉफ्टवेअर लिहायची. लग्नानंतर नवऱ्याला कर्जतला जागा मिळाली आणि आम्ही त्याच्या आईवडिलांकडे वस्तीवर राहायला आलो. माझ्या कंपनीने घरून काम करायला हो म्हटलं. माझं ऑफिस म्हणजे पूर्वीची खताची खोली. तिला रंग दिला, टेबल ठेवलं, राऊटर भिंतीवर ठोकला, तरी दमट दिवसात युरियाचा वास येतोच. मला आता तो वास आला की कामाला लागावंसं वाटतं.

तर नवा लॅपटॉप. नवं मशीन हातात आलं की मी हरखून जाते, हे कबूल करायला मला लाज नाही. कोरा पडदा, एक फाईल इकडची तिकडे नाही. आपण आता सगळं कसं नीटनेटकं लावायचं, असं मनाशी ठरवत मी बसते, आणि दुपारपर्यंत ते सगळं मातीत जातं. कंपनीने सूचनांचं एक पान पाठवलं होतं. त्यात पहिलंच वाक्य होतं की ही सगळी मांडणी अर्ध्या दिवसात होते. त्या वाक्यात 'चांगलं नेट असेल तर' एवढे शब्द घालायचे राहिले होते.

आमच्याकडे नेट बरं आहे. लाईटचं काही सांगता येत नाही. शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. दिवसाचा आठवडा आला की लोक खूश, कारण अंधारात पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावं लागत नाही. पण प्रत्येक विहिरीवर मोटरला ऑटो बसवलेला. लाईट आली की मोटर आपोआप सुरू. एका डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, आमच्यासह सात-आठ घरं, म्हणजे त्या सगळ्यांच्या मोटरी एकाच क्षणी ओढायला लागतात. घरातला दिवा लाल होतो, इन्व्हर्टर टक्‌कन आवाज करतो, परत टक्‌कन करतो, आणि राऊटर बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तोवर माझं डाऊनलोड, जे सकाळपासून मुंगीच्या पावलाने शेवटाला आलेलं असतं, ते तुटतं. त्या आठवड्यात मी एक भलंमोठं पॅकेज, म्हणजे तयार प्रोग्रामांचा गठ्ठा, इतक्या वेळा पहिल्यापासून उतरवलं की मला त्याचं तोंड बघवेना.

मी मुळात तापट. दार लावून लॅपटॉपला बोलत होते, "अरे मूर्खा, आताच मरायचं होतं का तुला?" बाहेर ओसरीवर आई लसूण सोलत होत्या. थोड्या वेळाने दार लोटून त्यांनी आत डोकं घातलं आणि हळूच म्हणाल्या, "त्यो कालेजात गेलाय. तू कुनाला बोलतीस?"

शेवटी मी वेगळा मार्ग काढला. सगळं जड काम आपल्या टेबलावरच्या मशीनवर करायचंच नाही. कंपनीचं एक मशीन दूर कुठेतरी गार खोलीत कायम चालू असतं, तिथेच सगळी मांडणी करायची आणि इथून नुसतं त्याच्याशी बोलायचं. माझी लाईट गेली, नेट तुटलं, तरी तिकडचं काम चालू राहतं. परत जोडलं की जिथे सोडलं तिथून पुढे. ते जमायला मला आठवडा लागला. जमलं त्या दिवशी मी आईंना ओढत आणून दाखवलं. नेट काढलं, परत लावलं, "बघा, ते तिकडे चालूच आहे!" त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, आता तरी जेवून घे."

या नव्या मांडणीबरोबर कंपनीने एक नवं साधनही दिलं होतं. आपण साध्या भाषेत सांगायचं, अमुक करून दे, आणि ते आपणहून फाईली उघडून प्रोग्राम लिहितं, चालवून बघतं, चुकलं तर दुरुस्त करतं. पहिले काही दिवस मी त्याच्यावर डूख धरून होते. इतकी वर्षं डोळे फोडून शिकलेली विद्या, आणि हा कोण टिकोजी? पण काम करायचा. मान खाली घालून, कुरकूर न करता. आणि गोड इतका की चूक दाखवली की लगेच, तुमचंच बरोबर आहे म्हणून माफी मागायचा. मला तर लग्न झाल्यापासून एवढ्या वेळा कोणी 'तुझं बरोबर आहे' म्हटलेलं नाही.

आईंना मी सांगितलं, "मी सांगते, तो लिहितो."

"म्हंजी गडी ठेवलाय म्हन की."

तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव गडी. जेवताना चौकशी व्हायची, "आज गड्यानं काय केलं?" आबा, म्हणजे माझे सासरे, त्यात सामील झाले. त्यांना काळजी एकच. "त्यो जेवायला मागत न्हाई ना?"

एकदा गड्याने मोठी गंमत केली. प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे तपासायला आम्ही चाचण्या लिहून ठेवतो. दोन चाचण्या नापास होत होत्या. मी म्हटलं, या नापास व्हायला नकोत, बघ जरा. चहा पिऊन आले तर पडद्यावर सगळं हिरवंगार, म्हणजे पास. मी खूश. मग बारकाईने पाहिलं तर पठ्ठ्याने नापास होणाऱ्या चाचण्याच काढून टाकल्या होत्या! मी कपाळावर हात मारला. रात्री जेवताना सांगितलं तर आबांना हसू आवरेना. आई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू सांगितलंस तसंच केलं की त्यानं." मला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी मी त्याच्या सूचनांमध्ये लिहून ठेवलं की चाचणी काढायची नाही, अडलं तर थांबायचं आणि विचारायचं.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. मग जानेवारीत पुण्याहून माझ्या मॅनेजरचा फोन आला. बाई कामाला कडक, बोलायला त्याहून कडक. आमचं सॉफ्टवेअर परदेशातल्या एका गिऱ्हाइकाच्या गोदामांमधल्या मालाचा हिशोब ठेवतं. त्याचा जुना भाग नव्या प्रोग्रामिंग भाषेत न्यायचा होता आणि ते काम नव्या साधनाने कसं होतं हे गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष बघायचं होतं. डेमो मी द्यायचा. पण गेल्या काही दिवसांत मीटिंगमध्ये मी सारखी गायब होत होते, हे त्या लोकांच्या लक्षात आलं होतं.

"हे बघ," ती म्हणाली, "हा डेमो तू तिथून नीट पार पाडलास तर राहा तिथेच, मी वर भांडेन तुझ्यासाठी. नाही झाला तर पुढच्या महिन्यापासून दर आठवड्याला, सगळे दिवस पुण्यात ऑफिसला. माझ्या हातात नाही."

पुण्यात आठवडाभर म्हणजे तिथे खोली घेऊन राहणं. नवऱ्याची नोकरी इथे, मी तिथे, शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी संध्याकाळी परत. नाहीतर नोकरी सोडणं, आणि हे काम मला जिवापाड आवडतं. खरं सांगायचं तर मला वस्ती सोडायची नव्हती. आले तेव्हा मीच मैत्रिणीला म्हटलं होतं की वर्षभर काढते कशीबशी. आणि आता माझी दहाची मीटिंग सुरू असताना आई कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने वाकून टेबलावर गरम भाकरी सरकवतात, ती चोरून खाताना मला सगळ्यात सुखी वाटतं. हे पुण्यात कुणाला सांगायची सोय नाही.

आईंना काय वाटतं ते मला कळत नव्हतं. माझं दिवसभर दार लावून बसणं त्यांना पसंत नसावं, अशी माझी समजूत होती. "डोळं जात्याल," एवढंच त्या म्हणायच्या. जेवताना मी सगळं सांगितलं. आबा गंभीर झाले. नवरा म्हणाला, होईल काहीतरी. आईंनी दोनच गोष्टी विचारल्या.

"किती वाजता हाय?"

"परवा अकरा ते एक."

"लाईट दिसाची का रातीची?"

"दिवसाची."

"मंग झालं," म्हणून त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. मला फार लागलं. माझं इथलं राहणं पणाला लागलंय आणि या बाईला त्याचं काहीच नाही, असं वाटून मी ताटावरून जरा लवकरच उठले.

इथे पलीकडच्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या रानाला लागून आबांच्या चुलत भावाचं रान आहे. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी बांधावरची एक बाभळ तोडण्यावरून भांडण झालं. बाभळ कुणाची हे अजून ठरलेलं नाही, बाभळ मात्र कधीच जळून गेली. तेव्हापासून बोलणं नाही, जाणं-येणं नाही, लग्नाचं आमंत्रणसुद्धा तिसऱ्याच माणसाच्या हाती. आमच्या घरात त्यांना नाव नाही, नातं नाही, नुसतं 'पलीकडचे'. 'पलीकडच्यांचा कुत्रा', 'पलीकडच्यांनी कांदा काढला'. त्या चुलत सासऱ्यांना मी बांधावरून पाहिलं होतं, उंच, वाळके, डोक्याला मळकं मुंडासं. डीपी त्यांच्याच रानाच्या कोपऱ्यात उभी. मोटर सगळ्यात मोठी त्यांची, आणि माझ्या राऊटरचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे त्यांचा ऑटो. मीसुद्धा चिडले की 'पलीकडचे' म्हणायला लागले होते. इतकी मी त्या घरची झाले होते.

डेमोच्या दिवशी सकाळी मी नवी साडी नेसावी की कुर्ता घालावा यात वेळ घालवला, जरी दिसणार होते ती खांद्यापासून वर. नवरा कॉलेजला गेला. आई धारा काढून झाल्यावर काही न बोलता कुठेतरी निघून गेल्या. कांदा खुरपायला गेल्या असतील असं मी समजले. 'नीट कर' एवढंही म्हणाल्या नाहीत. परत लागलंच.

तयारी मात्र मी चोख केली होती. आमच्या नेटवरून पडदा दाखवायला लागलं की सगळं अडकतं, म्हणून मी दूरच्या मशीनचाच पडदा लोकांना थेट बघता येईल अशी एक लिंक करून ठेवली होती. त्यांनी ती उघडायची आणि गडी काय करतो ते तिकडून बघायचं. माझ्या घरातून जाणार तो फक्त माझा आवाज. इन्व्हर्टरची बॅटरी आठवडाभराच्या कमी दाबाने नीट भरलेली नव्हती हे मला माहीत होतं, पण लाईट तर दिवसाची होती, बॅटरीवर वेळ येणार नाही असं मी धरून चालले.

थ्री फेज तिच्या वेळेला आली, मोटरी सुरू झाल्या, दिवा लाल झाला, नेहमीचंच. आणि अकराला थोडा वेळ असताना एक नवल घडलं. एकेक मोटर बंद पडायला लागली. दूरची, मग मधली, मग जवळची. रानात अशी शांतता पसरली की मला गोठ्यातल्या गाईचा रवंथ ऐकू यायला लागला. दिवा पांढराशुभ्र झाला. आपलं नशीब जोरावर आहे, असं म्हणून मी मीटिंगला जोडले गेले. नमस्कार-चमत्कार झाले, मी बोलायला लागले, गड्याला पहिलं काम सांगितलं.

आणि लाईट गेली.

इन्व्हर्टरने टक्‌ केलं आणि राऊटर तग धरून राहिला. मी आवाज जराही न हलवता बोलत राहिले. पण थोड्याच वेळात इन्व्हर्टर कुईकुई करायला लागला, म्हणजे बॅटरीने हात टेकले. तेवढ्यात खिडकीत आबा आले. चेहऱ्यावर असं तेज की विचारू नका.

"सूनबाई, निवांत कर," ते कुजबुजले, पण आबांची कुजबूज अर्ध्या वस्तीला ऐकू जाते. "डीपीचं फ्यूजच काढून टाकल्यात. आता कुनाच्या बापाची मोटर चालू हुत न्हाई."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मोटरींनी माझं काम अडू नये म्हणून या लोकांनी डीपीच बंद केली होती, आणि त्याच डीपीवर माझं घर होतं! मी आवाज बंद करून जिवाच्या आकांताने दिव्याकडे बोट दाखवलं, राऊटरकडे दाखवलं, हात जोडले. आबांना वाटलं मी आभार मानतेय. त्यांनी 'राहू दे, राहू दे' असा हात केला आणि समाधानाने निघून गेले.

मला त्या क्षणी आमचा गडी आठवला, नापास चाचण्या काढून हिरवंगार करणारा.

मी आवाज चालू करून पुढचं वाक्य सुरू केलं आणि मध्येच राऊटरचे दिवे विझले. मोबाईलला खालच्या खोलीत रेंज नाही. लॅपटॉप काखेत, मोबाईल दातात, अशी मी जिना चढून स्लॅबवर धावले. वर तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, त्या पायांखाली करकर वाजवत मी टाकीपाशी पोचले. टाकीच्या सावलीत बसून मोबाईलवरून नेट जोडलं, तर लवकर जोडेना. मनात एकच, संपलं. खोली बघायला पुण्याला कधी जायचं? आणि तिकडे गडी एकटा, त्याला विचारणारं कोणी नाही, त्याने आता काय काय काढून टाकलं असेल!

जोडलं एकदाचं. मी घाबरत म्हटलं, "सॉरी, मी आहे परत."

"परत म्हणजे?" मॅनेजर म्हणाली. "तू गेली होतीस?"

त्यांच्यासमोर तिकडचा पडदा चालूच होता. गड्याने मान खाली घालून काम केलं होतं, सगळे ते बघत बसले होते. मी मुद्दामच बोलत नाहीये, लोकांना शांतपणे बघू देतेय, असं त्यांना वाटलं होतं. आणि आता गडी थांबला होता. परत आलेला माल दोनदा मोजू नये असा एक जुना, आडवळणाचा नियम होता. तो ठेवायचा की चूक समजून काढायचा, असा त्याचा प्रश्न पडद्यावर उभा होता. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते.

माझा जीव भांड्यात पडला. तो नियम मीच दोन वर्षांपूर्वी घातला होता आणि तो का घातला ते मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. मी सांगितलं. गिऱ्हाइकाचा माणूस म्हणाला, त्याने काही न मोडता थांबून विचारलं हे त्याला सगळ्यात आवडलं. मग त्याने विचारलं की हा वाऱ्याचा आवाज कुठून येतोय?

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. मी म्हटलं, स्लॅबवर बसलेय, पाण्याच्या टाकीला टेकून, कारण माझं काम अडू नये म्हणून आमच्या वस्तीने सगळ्यांचीच लाईट बंद केली आहे. आधी कोणाला कळेना. मी पुन्हा समजावून सांगितल्यावर जे हसू फुटलं, ते आवरायला वेळ लागला. शेवटी सगळे गेल्यावर मॅनेजर एकटी थांबली.

"लाईट गेली, नेट गेलं, तू गेलीस, आणि काम चालू राहिलं," ती म्हणाली. "मग ऑफिसात येऊन तू वेगळं काय करणार आहेस? राहा तिथेच. फक्त तुझ्या त्या लोकांना आवर."

मी लॅपटॉप मिटला आणि डोळे पुसले. आणि मग, आनंद झाल्यावर माझं नेहमी होतं तसं, राग आला. कुणाच्या डोक्यातून निघाली ही अक्कल? मोटरी बंद केल्याच होत्या ना, मग फ्यूज कशाला काढायचे? आज माझं घर मोडलं असतं! टाकीपाशी उभी राहिले की डीपी दिसते. कोपऱ्यातल्या लिंबाखाली कोणीतरी बसलं होतं. त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी खाली उतरले आणि चपला अडकवून कांद्याच्या रानातून तरातरा निघाले.

बांध ओलांडला तेव्हा लक्षात आलं की मी पलीकडच्यांच्या रानात आले. पहिल्यांदाच. त्यांचे कांद्याचे वाफे अर्धे भिजलेले होते. पाणी एका वाफ्यात निम्म्यावर येऊन थांबलं होतं, पुढची माती पांढरी, कोरडी. दिवसाची लाईट असताना, पाण्याच्या ऐन ताणात, दोन तास कोणी मोटर बंद ठेवत नाही. घरात मयत असेल तर ठेवतात.

लिंबाखाली पलीकडचे बसले होते. मांडीवर टॉवेल, टॉवेलात डीपीचे फ्यूज, तान्हं मूल धरावं तसे दोन्ही हातांनी धरलेले. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, डोक्यावरचा पदर नीट सावरून, आई बसल्या होत्या. दोघांच्या मधे चहाची किटली. सकाळपासून त्या इथे होत्या. आदल्या दिवशी त्या वस्तीवरच्या प्रत्येक घरी जाऊन आल्या होत्या, हे मला नंतर आबांकडून कळलं. आणि या दारात आल्या होत्या शेवटी, ज्या दारात त्या घरच्या म्हातारीच्या दहाव्यालासुद्धा गेल्या नव्हत्या. सणवाराचं निमित्त नव्हतं, कुणाची मध्यस्थी नव्हती. पलीकडच्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्या मोटरीचा ऑटो बिघाडलाय, बंद केला तरी कधी कधी आपोआप चालू हुतो, भरवसा न्हाई. मी फ्यूजच काढून बसतो.

मला बघून ते गडबडीने उठले. मग म्हणाले, "पोरंसोरं येत्यात, कुनी तरी फ्यूज टाकून जायचं. म्हून हितंच बसलो. झालं का गं पोरी तुजं? टाकू का आता?"

तोंडात आलेलं सगळं मी गिळलं. आई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या तोंडावर भीती होती. मी त्यांना त्याआधी कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं, विंचू निघाला तरी त्या चप्पल शोधतात.

"काय म्हनले?" त्यांनी विचारलं. "जायाचं का ऱ्हायाचं?"

"राहायचं," मी म्हटलं.

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि दुसरीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भावजी, टाका आता. तुमचा वाफा कोरडा पडलाय."

भावजी. त्या घरात मी इतकी वर्षं राहिले, पण हे नातं मी पहिल्यांदा ऐकलं. पलीकडच्यांनीही बहुधा खूप वर्षांनी ऐकलं असावं, कारण डीपीकडे जाताना त्यांनी उलट्या हाताने डोळे पुसले. फ्यूज काढल्याने काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि आजवर कुणी सांगितलेलं नाही. मी आईंच्या शेजारी बांधावर बसले. त्यांनी किटलीतला उरलेला चहा माझ्या हातात दिला. तो केव्हाच गार झाला होता.

फ्यूज बसले. क्षणभर काही नाही. मग सगळ्या वस्तीच्या मोटरी एकदम सुरू झाल्या, पाणी कोरड्या वाफ्यात शिरलं, आणि तिकडे आमच्या घरात राऊटर बंद पडला असणार.

"तुजा गडी वाट बघत थांबला का गं?" आईंनी विचारलं.

"थांबू दे," मी म्हटलं.